स्मार्टवॉच रोज घालावं का? एकवीस दिवसांत स्वतःच ठरवा

दिवाळीचे सेल उरकले की बडोद्यातल्या आमच्या गोतावळ्यात एक प्रश्न दरवर्षी येतो: "घड्याळ घेतलं खरं, पण रोज घालू का?" विचारणाऱ्याच्या मनगटावर तेव्हा बहुतेक घड्याळ नसतंच. ते चार्जरसकट कपाटात गेलेलं असतं.

चूक क्रमात असते. आधी सूट बघून खरेदी, मग आठ दिवस आकड्यांचं कौतुक, मग चार्जिंगचा कंटाळा, आणि घड्याळ कशासाठी घेतलं हा विचार सगळ्यात शेवटी. इथे तोच क्रम उलटा लावला आहे. पाच दिवस घड्याळाशिवाय, दोन दिवस बसवणं आणि पारखणं, अकरा दिवस वापर, शेवटचे तीन दिवस पुन्हा घड्याळाशिवाय. नव्याचे नऊ दिवस सरून वर दोन दिवस मिळावेत म्हणून वापराचे अकरा. घड्याळ घरात आधीच असेल तरी सुरुवात पहिल्या पायरीपासूनच करा.

## १. कारण लिहा, आणि एकच लिहा

एक कागद घ्या आणि हे वाक्य पुरं करा:

"घड्याळ मला ______ सांगेल, आणि ते कळलं की मी ______ करीन."

पहिली जागा सगळे पटकन भरतात: पावलं, झोप, ठोके. पेन अडतं ते दुसऱ्या जागेपाशी. "किती झोपलो ते कळेल" ठीक आहे, पण कळल्यावर काय करणार? रात्री अकराला टीव्ही बंद करणार असाल तर तसं लिहा. काही सुचत नसेल तर तो आकडा तुमच्या कामाचा नाही.

माझा मावसभाऊ मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, माल रवाना करण्याच्या विभागात आहे. त्याचं वाक्य होतं: "घरून फोन आला की मनगटावर थरथर होईल, आणि मी बाहेर जाऊन उचलीन." त्या आवाजात खिशातला फोन ऐकू येत नाही आणि घरी वडील आजारी. इतकं नेमकं वाक्य असलं की पुढचं सगळं सोपं जातं. "फिट राहायचंय" हे वाक्य नव्हे, तो संकल्प झाला. संकल्प घड्याळाशिवायही मोडता येतो.

थांबा: ही तीन कारणं लिहिली असतील तर खोडा.

*साखर मोजायची.* त्वचेला न टोचता रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आपली मंजुरी नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने) २१ फेब्रुवारी २०२४ रोजी दिला. दंडाला चिकटवायचे सेन्सर वेगळे. त्यांची बारीक तार त्वचेखाली जाते आणि घड्याळावर फक्त त्यांचा आकडा दिसतो. ऑनलाइन दोन हजारांत "शुगर वॉच" दिसलं तर पुढे सरका. त्या आकड्यावर कुणी इन्सुलिन घेतलं तर प्रकरण जिवावर बेतेल.

*रक्तदाब बघायचा.* माझ्या आत्याचं स्वस्तातलं घड्याळ महिनाभर रोज ११८/७६ च्या आसपास दाखवत होतं. डॉक्टरांच्या दंडपट्टीवर वरचा आकडा १६० निघाला. दंडपट्टी फुगून धमनी दाबते, म्हणून तिला दाब कळतो. साध्या घड्याळाकडे फक्त उजेड असतो, त्यावरून ते अंदाज बांधतं. सॅमसंगच्या ज्या घड्याळांत ही सोय आहे तीही दर २८ दिवसांनी खऱ्या दंडपट्टीशी जुळवावी लागतात. म्हणजे दंडपट्टी घरात लागतेच. मग तीच वापरा.

*हार्ट अटॅक आधी कळावा.* काही महागड्या घड्याळांतला ईसीजी एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूनं बघणारा असतो. ठोक्यांची अनियमितता, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशन, त्याला ओळखता येते. हार्ट अटॅक ओळखता येत नाही, हे कंपन्या स्वतःच लिहितात. छातीत दुखत असताना मनगटाकडे बघू नका, १०८ लावा.

तपासा: कामाच्या जागी घड्याळ चालतं का? लेथ, प्रेस, कुठलंही फिरतं यंत्र असेल तर मनगटावर काहीच नको. परीक्षागृहात बंदी असते. पेसमेकर असेल तर घड्याळाच्या चार्जरमध्ये आणि काही पट्ट्यांत लोहचुंबक असतं, तेव्हा आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

## २. पाच दिवस घड्याळाशिवाय नोंदी

ही पायरी सगळे गाळतात, आणि मग घड्याळानं काय बदललं हे कुणालाच सांगता येत नाही. वहीच्या एका पानावर रोज तीन गोष्टी लिहा.

सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटं ठेवा, ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. मोठ्या माणसाचे विश्रांतीतले ठोके साधारण ६० ते १०० असतात. नियमित व्यायाम करणाऱ्यांचे कमी असू शकतात.

दुसरं, झोपायला पडल्याची आणि जाग आल्याची वेळ, अंदाजानं.

तिसरं, दिवसभरात फोन किती वेळा उघडला. अँड्रॉइडवर "डिजिटल वेलबीइंग"मध्ये आणि आयफोनवर "स्क्रीन टाइम"मध्ये हा आकडा आयता मिळतो. "घड्याळामुळे फोन कमी बघतो" असं पुढे म्हणाल, तेव्हा हाच आकडा तुमची साक्ष काढील.

शिवाय कागदावरच्या वाक्यातली कृती, समजा दर तासाला खुर्चीतून उठणं, आत्ता आपोआप किती वेळा होते तेही लिहा. पाच दिवसांत तुम्ही ती कृती घड्याळाशिवायच करू लागलात तर इथेच थांबा. पैसे वाचले.

## ३. घ्यायचंच असेल तर आधी उसनं

भावाचं, पुतण्याचं, कुणाचंही मागा. आपल्याकडे निम्म्या घरांत एक पडून असतं. विकत घेण्यावाचून इलाज नसेल तर चार गोष्टी बघा आणि बाकी जाहिरात सोडून द्या.

फोनशी जमतं का? ॲपल वॉचला आयफोनच लागतो. सॅमसंगची २०२१ च्या वॉच ४ पासूनची गॅलॅक्सी वॉच आयफोनशी जोडली जात नाहीत. अडीच-तीन हजारांची देशी घड्याळं बहुधा दोन्हींकडे चालतात, पण त्यांची ॲप कधी कधी फार हट्टी असतात.

बॅटरी किती दिवस? ॲपल आपल्या बहुतेक घड्याळांसाठी बरीच वर्षं १८ तासच सांगत आली आहे. नव्या मॉडेलांत थोडी वाढ आहे. साध्या घड्याळांत पाच-सात दिवस निघतात. झोप मोजायची असेल तर रोज चार्ज होणारं घड्याळ रात्री हातावर ठेवायला दिवसात दुसरी रिकामी वेळ शोधावी लागते.

जीपीएस स्वतःचं की फोनचं? स्वस्त घड्याळं रस्ता आखायला फोनचं जीपीएस वापरतात. फोन घरी ठेवून कमाटीबागेत फेऱ्या मारायच्या असतील तर हा फरक मोठा आहे.

पाण्याचं काय? "५ एटीएम" म्हणजे स्थिर पाण्यात ५० मीटर खोलीइतका दाब सोसण्याची चाचणी. ५० मीटर बुडी मारायची मुभा नव्हे. गरम पाणी आणि साबण रबरी सील खराब करतात, म्हणून आंघोळीला उतरवलेलं बरं.

किंमत दिवसावर वाटून बघा. २,५०० चं घड्याळ दोन वर्षं टिकलं तर दिवसाला साडेतीन रुपयेही पडत नाहीत. ३०,००० चं तीन वर्षं चाललं तर दिवसाला २७ रुपये. कागदावरची कृती रोज तेवढ्याची आहे का, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

## ४. जोडणी: घाई केलीत की पुढचे अकरा दिवस वाया

क्रम असा ठेवा:

१. घड्याळ आधी पूर्ण चार्ज करा.

२. कंपनीचं ॲप उतरवा आणि ॲपमधूनच घड्याळ जोडा. फोनच्या ब्लूटूथ यादीतून थेट जोडणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. तसं केलं की घड्याळ "जोडलेलं" दिसतं, पण ॲपला ते सापडत नाही. झालं असेल तर ब्लूटूथ यादीतून ते काढून टाका आणि ॲपमधून नव्यानं सुरू करा. फोनवर बोलण्यासाठी काही घड्याळं नंतर वेगळी ब्लूटूथ जोडणी मागतात. ती ॲप सांगेल तेव्हाच करा.

३. वय, उंची, वजन खरं लिहा. घड्याळ कोणत्या हातात घालता तेही. रोजच्या कामाचा हात सोडून दुसऱ्या हातात घाला, नाहीतर पोळ्या लाटतानाही पावलं मोजली जातात.

४. परवानग्या एकेक करून द्या. कॉल हवे असतील तर कॉल आणि संपर्क. फोटो आणि फाइल्स कशाला हव्यात? "नाही" म्हणा, काही अडलं तर नंतर देता येतं.

५. सगळी नोटिफिकेशन बंद करा, मग जास्तीत जास्त तीन चालू करा. आधी सगळी चालू ठेवून हळूहळू कमी करीन, असं म्हणणाऱ्यानं कमी केलेली मी पाहिली नाहीत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सहाला सुप्रभात सुरू होतात. त्या प्रत्येकासाठी मनगट थरथरलं तर चौथ्या दिवशी घड्याळ कपाटात जाणार.

६. अँड्रॉइड असेल तर फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये या ॲपला निर्बंधातून मोकळं करा. नाहीतर फोन बॅटरी वाचवायला ॲप पडद्यामागे बंद करतो आणि घड्याळ मुकं होतं. "दोन दिवस चाललं, मग मेसेज येणं थांबलं" या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. लोक घड्याळ परत करतात. दोष फोनच्या सेटिंगचा असतो.

७. सतत उजळ राहणारी स्क्रीन बंद ठेवा. बॅटरी सगळ्यात जास्त तीच खाते.

तपासा: घरातल्या कुणाला तरी फोन लावायला सांगा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून घड्याळ थरथरतं का बघा. नाही थरथरलं तर पुढे जाऊ नका.

## ५. मनगटावर नीट बसवा

घड्याळाच्या पाठीचा हिरवा दिवा त्वचेत उजेड सोडतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, ठोक्यागणिक रक्त कमीजास्त होतं तसा परतणारा उजेडही, आणि त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला की फटीतून बाहेरचा उजेड शिरतो आणि आकडा बिघडतो. गोंदणावर किंवा दाट केसांवरही तसंच होतं.

मनगटाच्या उंचवट्याच्या हाडावर नको, कोपराकडे एक बोट वर घाला. चालताना एक भोक घट्ट, बसल्यावर एक भोक सैल. रात्री खूण उमटली नाही पाहिजे.

बडोद्याचा मे महिना चाळिशीच्या वर जातो. सिलिकॉनच्या पट्ट्याखाली घाम साचतो आणि लोक "ॲलर्जी झाली" म्हणून घड्याळ सोडतात. ओल आणि साबणाचा अंश एवढ्यानंही पुष्कळदा लाली येते. रोज पट्टा पाण्यानं धुवा, पूर्ण कोरडा करा, मनगटाला तासभर तरी मोकळी हवा द्या. तरीही खाज गेली नाही तर कापडी पट्टा लावा. बकलपाशीच चट्टा उठत असेल तर संशय बकलमधल्या निकेल धातूवर घ्या आणि ते घड्याळ बंद करा.

## ६. घड्याळ खोटं कुठे बोलतं ते दोन दिवसांत पकडा

कौतुक करण्याआधी परीक्षा. मला सगळ्यात आवडणारी पायरी हीच.

दोनशे पावलं. कमाटीबागेत सपाट वाटेवर तोंडानं मोजत २०० पावलं चाला. घड्याळ १९० ते २१० दाखवत असेल तर उत्तम. मग भाजीची जड पिशवी त्याच हातात धरून पुन्हा २०० चाला. हात हलत नसला की मोजणी घसरते, कारण घड्याळ मोजतं ते हाताचे हेलकावे. बाबागाडी ढकलणाऱ्या आईवर आणि काठी धरून चालणाऱ्या आजोबांवर म्हणूनच अन्याय होतो.

न चाललेली पावलं. स्कूटरवरून मांडवीकडून दांडिया बाजारात या आणि आकडा आधी-नंतर बघा. मी गेल्या उत्तरायणाला दिवसभर गच्चीवरून हललो नाही. मांजा खेचून आणि ढील देऊन संध्याकाळपर्यंत माझी नऊ हजार पावलं झाली होती, आणि घड्याळानं फटाके उडवून अभिनंदनही केलं. गरब्यात टाळ्यांची भर पडते, पण तिथे तरी पाय खरोखर चालतात. दहा हजारांच्या आकड्याचंही फार मनावर घेऊ नका. तो आला १९६५ च्या एका जपानी पावलं-मोजणी यंत्राच्या नावातून, वैद्यकीय संशोधनातून नव्हे.

ठोके. बसून पाच मिनिटांनी घड्याळ आणि बोटं दोन्हींनी मोजा. तीन-चारचा फरक चालेल. मग जिना दोनदा चढून लगेच मोजा. इथे घड्याळ थोडं मागे राहतं. तुमची नाडी मुळात अनियमित असेल तर दोन्ही आकडे चुकू शकतात.

टॉवेल. पंचा घट्ट गुंडाळा, त्याला घड्याळ बांधा आणि रक्तातला ऑक्सिजन मोजायला सांगा. काही स्वस्त घड्याळं पंचालाही ९७-९८ टक्के देतात. तुमच्या घड्याळानं दिला तर तो आकडा कायमचा विसरा. श्वास लागलेल्या माणसाला "घड्याळात ९८ आहे ना" म्हणून घरी बसवून ठेवू नका.

झोप. रात्री अर्धा तास न हलता पुस्तक वाचा. घड्याळानं ती झोप धरली तर आश्चर्य नको. झोपेच्या पायऱ्या प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरींवरून ठरतात आणि घड्याळ हालचाल आणि ठोके यांवरून अंदाज करतं. पडल्याची-उठल्याची वेळ धरा, "गाढ झोप ४७ मिनिटं" सोडा.

कॅलरी. याला परीक्षाही नको. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली. सातांपैकी सहांचे ठोके ५ टक्क्यांच्या आत बरोबर होते, पण खर्च झालेल्या कॅलरींत सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. तेव्हा "आज ४०० जाळल्या" म्हणून महाकाळी या दुकानातल्या सेवउसळीची दुसरी प्लेट मागवाल तर ती चवीसाठी मागवा, हिशेबासाठी नको.

तपासा: कागदावरच्या वाक्यातला आकडा या परीक्षेत टिकला का? कारण "झोप" असेल आणि झोपच चुकत असेल तर अकरा दिवस घालवायची गरज नाही, सरळ आठव्या पायरीवर जा.

## ७. अकरा दिवस घालून, तीन दिवस काढून

चार्जिंगची वेळ एका ठरलेल्या कामाला बांधा. आंघोळ आणि चहा-नाश्ता मिळून पाऊण तास होतो, तेवढ्यात बरीच घड्याळं दिवसापुरती भरतात. "बॅटरी संपली की लावू" म्हणणारे दुसऱ्या आठवड्यात गळतात.

रोज रात्री वहीत दोनच रकाने:

- घड्याळानं काय सांगितलं
- त्यामुळे मी काय केलं

दुसरा रकाना पुष्कळ दिवस कोरा राहील, राहू द्या. "दिवसभर छान वाटलं" असं काही तिथे लिहू नका. "चार वाजता उठून पाणी प्यायलो", "आईचा फोन उचलला", "चढावर ठोके १५० झाले म्हणून दम घेतला", असं लिहा. पावागड चढायला जाणार असाल तर हीच संधी. डॉक्टरांनी ठोक्यांची मर्यादा घालून दिली असेल तर पायऱ्यांवर घड्याळ खरंच उपयोगी पडतं.

उलटी नोंदही करा. बोलता बोलता मनगटाकडे किती वेळा बघितलंत? समोरच्याला वाटतं तुम्हाला निघायची घाई आहे. माझ्या काकूनं मला तोंडावर विचारलं, "उठायचंय का तुला?" झोपेचा गुण कमी आला म्हणून सकाळी मनाला लागलं असेल तर तेही लिहा. झोपेच्या आकड्यांच्या काळजीनंच झोप बिघडण्याला २०१७ मध्ये संशोधकांनी ऑर्थोसोम्निया असं नाव दिलं. तसं होत असेल तर रात्री घड्याळ काढा, चर्चा नको.

मग तीन दिवस घड्याळ बंद करून कपाटात. या तीन दिवसांत नाडी, झोप आणि फोन उघडण्याचा आकडा पुन्हा लिहा, पहिल्या पाच दिवसांसारखाच. आणि घड्याळाची आठवण कधी आली ते लिहा. मनगट रिकामं वाटलं ही सवय झाली. फोन हुकला ही उणीव.

## ८. निकाल

वही उघडा, दुसरा रकाना मोजा. अकरा दिवसांत लिहिलेली कृती पाच-सहा दिवस तरी घडली असेल आणि मनःस्ताप नसेल, तर रोज घाला. त्याहून कमी असेल तर रोज घालण्याजोगं ते नाही. पाच-सहा हा माझा आकडा आहे, तुम्ही चार धरलात तरी हरकत नाही. फक्त वही उघडण्यापूर्वी ठरवा.

मधला मार्गही आहे. फक्त फिरायला जाताना, फक्त कामाच्या वेळात. मावसभाऊ आता कारखान्यात घालतो आणि घरी आल्यावर चावीशेजारी ठेवतो. मी स्वतः फेऱ्यांपुरतंच घालतो. बाकी दिवस वडिलांचं चावीचं घड्याळ.

वयस्कर माणसाला द्यायचं ठरवलंत तर "पडल्यास कळवतं" हे आपल्या मॉडेलमध्ये खरंच आहे का ते बघा. ॲपल वॉचमध्ये सेट करताना वय ५५ किंवा जास्त भरलं तर ही सोय आपोआप चालू होते, एरवी हातानं करावी लागते. फोन जवळ नसेल तर घड्याळात ई-सिम (घड्याळाचं स्वतःचं सिम) लागतं किंवा ओळखीचं वायफाय. रात्री बाथरूममध्ये घड्याळ हातावर नसलं तर सोय असून नसल्यासारखी, म्हणून आजींसाठी चार्जिंगची वेळ दुपारची ठेवा, घरात कुणी जागं असताना.

देण्याआधी, याच क्रमानं: ॲपमधून घड्याळाची जोडणी तोडा, मग घड्याळ फॅक्टरी रीसेट करा (म्हणजे नव्यासारखं कोरं), मग ॲपमधलं खातं आणि आरोग्याची माहिती पुसा, आणि शेवटी ॲप काढा. ॲप आधी काढलं तर खातं कंपनीकडे तसंच राहतं, आणि ॲपल वॉच असेल तर तुमच्या पासवर्डशिवाय ते दुसऱ्याला वापरताच येत नाही. चार्जर त्याच डब्यात ठेवा. प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, आणि हरवला तर तोच मिळवायला अर्धा दिवस जातो.